खांड अंगावर घेणारी बुधाय

ऐका. फार वर्षांपूर्वी, खाडीला अजून पूल नव्हता आणि खारदेवळी गावाला होडीशिवाय वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. गावाची सगळी भातशेती खाडीच्या पातळीपेक्षा खाली होती. शेत आणि खाडी यांच्यामध्ये होता फक्त मातीचा एक लांब बांध. बांध टिकला तर घरात तांदूळ. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, तर खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची कित्येक सालं तिथे गवतही उगवायचं नाही.

म्हणून बांधाचे वाटे पाडले होते. ज्याचं शेत त्याचा वाटा. आणि सगळ्यांवर एक मुकादम. त्या काळी मुकादम होता बुधायचा सासरा. तो उलट्या टोपलीवर बसायचा, डोक्यावर छत्री, हातात काठी. बाया कमरेपर्यंत चिखलात आणि हा सावलीत. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांधात बिळं करतात आणि बिळातूनच खांड पडते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कुणी सांगायला आलं की "मुकादम, माझ्या वाट्यात बीळ दिसतंय," की हा काठी उगारायचा. "वाटा तुझा, बीळ तुझं, पाप तुझं!"

मग लोक काय करणार? बिळावर चिखलाचा गोळा थापायचे, वर खाडीकाठच्या तिवराचा पाला टाकायचे आणि गप्प बसायचे. बांध वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ. गावातले मोठे लोक मात्र म्हणायचे, काय शिस्त आहे बघा!

त्याहून वाईट एक रीत होती. खांड पडली की पंच बांधावर येऊन ओरडायचे, "खांड कोणाची?" ज्याच्या वाट्यात पडली त्याने पुढे यायचं. त्याचं शेत काढून घेत आणि त्याला बायकोपोरांसकट होडीत बसवून पलीकडे धाडत. अशी किती घरं गेली, ती परत कुणी पाहिली नाहीत.

पुढे सासऱ्याचे पाय सुजले. तो खाटेला खिळला. पंचांनी म्हटलं, तो बरा होईपर्यंत सुनेला बघू दे. तो काही बरा झाला नाही, आणि बुधाय जन्मभर मुकादम राहिली.

पहिल्याच दिवशी तिने ती छत्री नेऊन बांधावरच्या झोळ्यांवर रोवली, जिथे चिखलात उतरलेल्या बायांची तान्ही पोरं झोपायची. काठीला तिने पाण्याचं मडकं टांगलं. आणि टोपली? टोपलीत माती भरली आणि स्वतः डोक्यावर घेतली. बाया खुसखुसल्या. एक जण म्हणाली, "अगो बुधी, तू मुकादम हायस, इसरलीस काय?"

"नाय इसरली," बुधाय म्हणाली. "मंग जिथं चिखल खोल, तिथं आधी कोण उतरंल?"

असं म्हणतात की तिला बांधाच्या पोटातलं ऐकू यायचं. म्हातारे सांगतात, तिच्या अंगात देवी यायची. मला विचाराल तर तिच्या अंगात काही येत नव्हतं. ती लोकांना विचारायची, आणि लोक बोलत असताना तोंड मिटून ऐकायची. गावाने असा मुकादम कधी पाहिलाच नव्हता, म्हणून त्यांना तो चमत्कार वाटला. बाळंतीण कामावर आली तर बुधाय तिला हलकं काम द्यायची आणि वर कुणाला तसं कळू द्यायची नाही. चूक झाली तर बाजूला नेऊन सांगायची, बरं झालं तर सगळ्यांपुढे. लोक तिच्यासाठी आजारातून उठून यायचे.

पण "खांड कोणाची?" ही रीत पंचांची होती. ती तशीच होती. म्हणून एवढी आवडती बुधाय, पण तिलाही कुणी बिळाचं सांगत नव्हतं. भीती एवढ्यात जात नाही.

मग एका श्रावणातल्या अवसेला भर दुपारी उधाण आलं. वारा असा, की तिवरं आडवी झाली. आणि हाशाच्या वाट्यात बांध फुटला. हाशा अबोल, कष्टाळू गडी. चार महिन्यांपूर्वी बीळ त्याने पाहिलं होतं आणि पाल्याखाली झाकलं होतं. आता त्याच भोकातून खाडी घोड्यासारखी आत घुसत होती.

सगळं गाव धावलं. बुधाय आधीच खांडीत उतरली होती, पाणी छातीपर्यंत. "पेंढा आना! माती आना!" पण पंच येऊन बांधावर उभे राहिले, आणि त्यांच्यातला मोठा धर्मा पाटील, त्याला त्या वेळीही रीतच सुचली. तो ओरडला, "खांड कोणाची?"

सगळे जागच्या जागी थांबले. हातातला पेंढा हातात राहिला. हाशाच्या बायकोने त्याचं मनगट गच्च धरलं. तिच्या कडेवर पोर होतं. हाशाने हळूच हात सोडवून घेतला आणि पाऊल उचललं.

तेवढ्यात खांडीतून आवाज आला, "माझी!"

"तुझी कशी?" पाटील म्हणाला. "तुझा वाटा तिकडं हाय."

"बांध कोनाच्या हुकमानं बांदला? माझ्या. बीळ कोनाला दिसाय पायजे हुतं? मला. लोकांना माझ्यापाशी बोलायला भ्या वाटलं, तर ती खांड माझीच. काय ती शिक्षा पानी उतरल्यावर द्या पाटील. आता वाटेतनं सरा, पेंढा येऊ द्या!"

असं म्हणतात की त्या क्षणी भरती थांबली. पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं, ते तिथेच उभं राहिलं. खाडीनेसुद्धा असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं.

आणि त्या शांततेत एक बारीक आवाज आला. "बाय, माझ्या वाट्यात पन बीळ हाय."

"कवापास्नं?"

"शिमग्यापास्नं."

एवढ्या पाण्यात उभी असलेली बुधाय हसली. "बरं झालं सांगितलंस. जा, बुजव. आजून कोन?"

मग काय! बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका सुरू झाल्या. "माझ्यात एक हाय!" "माझ्यात मोठं हाय, हात जातो!" शेवटी धर्मा पाटलाची सून पदर खोचून पुढे आली आणि ओरडली, "आमच्यात दोन हायत! मामंजी सांगू देत नव्हते!" पाटील खाली बघायला लागला. त्याच्या पायाखालच्या बांधातूनच पाणी झिरपत होतं. त्याने धोतर वर खोचलं आणि जन्मात पहिल्यांदा माती उचलली.

त्या दुपारी गावाने सगळी बिळं बुजवली. हाशा आणि बुधाय खांडीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले, त्यांच्यामागे आणखी माणसं आणि माणसांच्या पाठीमागे पेंढा-माती. असं म्हणतात की चिंबोऱ्यासुद्धा बिळांतून बाहेर आल्या आणि आपापल्या नांगीत चिखल धरून बांधावर चढल्या. संध्याकाळी खाडी मागे सरली. शेतं वाचली.

आता शिक्षा. पंच बसले. हाशाचं नाव कुणी काढलं नाही, पाटलाला तर ते काढायची सोयच नव्हती. पण रीत मोडायचीही छाती होईना. बुधायला होडीत बसवायचं म्हटलं तर एकही नाखवा होडी सोडेना. म्हणून तिचं शेत काढून घेतलं. बुधाय "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली.

पंचांनी ते शेत ज्याला त्याला देऊ केलं. कुणी घेईना. पुढच्या साली लावणीला पंच पाहतात तो काय, सगळ्या गावाच्या आधी ते शेत लावून झालेलं. कुणी लावलं? विचारलं तर सगळे आभाळाकडे बघत. असं म्हणतात की त्या शेतातलं भात माणसाच्या उंचीचं झालं. त्यानंतर "खांड कोणाची?" ही हाक खारदेवळीत कुणी दिली नाही.

आता खाडीला पूल आहे, बांधाला दगडांचं अस्तर आहे. तरी शिमगा झाला की बांधाची डागडुजी निघते आणि त्या दिवशी बुधायच्या नावाने एक गोष्ट होते. जो कुणी मुकादम असेल, त्याने आधी चिखलात उतरायचं आणि गेल्या साली स्वतःच्या हातून काय चुकलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. त्याशिवाय कामाला सुरुवात नाही.

यंदाचे मुकादम म्हणजे आमचे पदूकाका, मोठे मानी. ते उतरले आणि म्हणाले, "गेल्या साली मानसं येळेवर आली नाईत."

सगळे घमेली पालथी घालून त्यांवर बसले. ऊन चढलं. पदूकाका घसा खाकरत राहिले, इकडे तिकडे बघत राहिले.

शेवटी म्हणाले, "गेल्या साली उघाडीचं, पानी सोडायच्या मोरीचं, दार झिजलं हुतं. सखूनं मला दोनदा सांगितलं. बायमानसाला काय कळतंय म्हनून मी ऐकलं नाय."

सगळ्यांत आधी सखू उठली. तिने कुदळ उचलली आणि पदूकाकांच्या शेजारी चिखलात उतरली.