कवडीने न प्यायलेलं पाणी

कोंबडी आणि माणूस एकमेकांचं ऐकून घेत, त्या काळची गोष्ट. भिवराबाईने पहिल्यांदाच कोंबड्या पाळल्या होत्या. महिन्याभरात कवडी नावाची कोंबडी वाळत चालली आणि तिच्या शिटेत जंत दिसले.

"हिला वेगळी काढा," कोंबडा छाती फुगवून म्हणाला. "आम्ही ठणठणीत आहोत."

भिवराबाईने एकट्या कवडीला डालग्याखाली झाकलं आणि जंताचं औषध घातलेलं पाणी पुढे ठेवलं. दुपारी घशाला कोरड पडली, तरी कवडी चोच बुडवेना.

"अगं, पी की!"

"एकटीने पिऊन काय उपयोग, बाई? उद्या पुन्हा सगळ्यांबरोबर त्याच उकिरड्यावर उकरायचं. त्यांचे जंत माझ्या पोटात येणारच. त्या कोंबड्याला जरा उचलून तर बघा."

भिवराबाईने उचललं. फुगलेल्या पिसांखाली नुसतं छातीचं हाड, सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं.

तिने औषधाचं पाणी सगळ्यांपुढे ठेवलं. तहानेने व्याकूळ झालेल्या कवडीने आधी कोंबड्याला जागा करून दिली. तो मान खाली घालून प्यायला, मगच तिने घोट घेतला. एवढ्याशा जिवाची ही समज भिवराबाई बघतच राहिली.

तेव्हापासून कोंबडा कितीही छाती फुगवो, ती आधी त्याला उचलून बघायची.