दाराबाहेरचं शेपूट

माणसाने अजून कणगी विणायला घेतली नव्हती, त्या काळी एका चिंचेखाली उंदरांचं एकच कोठार होतं. आधी दोघे-तिघे एकदम आत शिरत. एकाने सुकवायला काढलेले दाणे दुसरा पुन्हा ओल्या ढिगात ढकली आणि धान्य कुजे. शेवटी त्यांनी ठरवलं की आत जाणाऱ्याने शेपूट दाराबाहेर ठेवायचं आणि ते दिसलं की बाकीच्यांनी थांबायचं.

वरच्या फांदीवरच्या झुपकी खारीला याचं हसू येई. "कोठार तुमचं आणि दारात ताटकळायचंही तुम्हीच? आमची प्रत्येकीची ढोली वेगळी. शेजारणीकडे ठेवलेलं काही लागलं तर तिला हाक मारायची, ती काढून देते."

"आणि तिने ओ दिली नाही तर?" कोरकी उंदरीण म्हणाली.

"न द्यायला काय झालं?"

थंडीत घारीने झुपकीची शेजारीण उचलली. झुपकीचे चिंचोके तिच्याकडेच ठेवलेले होते. ते कुठल्या फटीत दडवलेत, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. झुपकी हाका मारून दमली.

पुढे घारीने कोरकीलाही नेलं. तिचे निम्मे दाणे सुकवायचे राहिले होते. संध्याकाळी कोठाराबाहेर दुसऱ्या उंदराचं शेपूट दिसलं आणि उरलेले दाणे उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात येऊन पडले.

भुकेली झुपकी खाली उतरली आणि दाराशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने एक म्हातारा उंदीर बाहेर आला.

"अगं, हाक तरी मारायचीस."

"शेपूट बाहेर होतं ना," झुपकी म्हणाली.