पुस्तकात नसलेल्या बायका

नववीतल्या वैजयंता कुंभारने शाळेच्या वार्षिक अंकासाठी गावच्या तळ्याच्या इतिहासावर निबंध लिहिला. तळं खोदताना माती वाहणाऱ्या अकरा बायकांची नावं तिने त्यात दिली होती. गौरी आणायला तळ्यावर गेलं, की म्हाताऱ्या अजून ती नावं घेतात. तिथेच तिने ती लिहून घेतली.

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब मोहिरे यांनी मुख्याध्यापिकाबाई आणि वैजयंता यांच्यासमोरच निबंध बाजूला सारला. "हा छापायचा नाही. तळं माझ्या पणजोबांनी बांधलं. या बायका कुठल्या पुस्तकात आहेत?"

"कुठल्याच नाहीत, अण्णासाहेब."

"मग त्या नव्हत्याच, पोरी. पुस्तकात नाही तो इतिहास नाही."

वैजयंता हळूच म्हणाली, "तुमच्या घराण्याचं पुस्तक मी वाचलं. त्यात पणजोबा आहेत, आजोबा आहेत, वडील आहेत. पणजीबाई कुठंच नाहीत. मग आजोबा कुणाच्या पोटी जन्मले म्हणायचं?"

अण्णासाहेब रागाने काही बोलणार होते, पण थांबले. बराच वेळ ते आठवत राहिले.

"खरंच की," ते शेवटी म्हणाले, "मला तिचं नावसुद्धा माहीत नाही. छापा बाई, निबंध छापा."