फळीवरच्या चपला

समुद्राकाठी वसलेल्या एका शहराला मौजमजेचं फार वेड होतं. रविवार उजाडला की घरात थांबणारा माणूस आजारी तरी असायचा, नाहीतर चिक्कू. कोणी वाळूत पतंग उडवी, कोणी घोडागाडीतून मिरवी, कोणी भेळेच्या गाडीपुढे ताटकळे. पण खरी मजा होती समुद्रातल्या वाळूच्या बेटाची. ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या वाळूचा लांबच लांब पट्टा उघडा पडायचा. लोक होड्यांतून तिथे जायचे, नाचायचे, खेळायचे आणि भरतीच्या आत परत यायचे. भरतीत ते बेट पूर्ण बुडून जाई.

तिथे जाताना एक रिवाज होता. धक्क्यावर एक लांब फळी होती. सगळ्यांनी आपल्या चपला त्या फळीवर काढायच्या आणि अनवाणी होडीत बसायचं. जाताना माणूस एका होडीतून जाई, येताना दुसऱ्याच होडीतून येई. त्यामुळे डोकी मोजून काही उपयोग नसे. होडीवाले चपला बघत. शेवटची होडी आल्यावर फळीवर जोड उरला, तर कोणीतरी मागे राहिलं असं समजून होडी लगेच परत फिरे.

याच शहरात दामोदर नावाचा कापडाचा व्यापारी होता. दुकान मोठं, मित्र त्याहून मोठे. लहानपणी आई गेली, तेव्हा थोरल्या बहिणीने, गोदाक्काने, त्याला वाढवलं होतं. दामूला शिकायला शहरात पाठवता यावं म्हणून तिने दुसऱ्यांच्या शेतात राबून दिवस काढले. ती घाटावरच्या गावात राही. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या वर्षी ती प्रथमच भावाकडे आली.

रविवारी दामोदर मित्रांबरोबर बेटावर निघाला, तेव्हा ती दारात येऊन लाजत म्हणाली, "दामू, मला बी न्हेशील का रं?"

नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. हो म्हणणंही जिवावरच आलं. पण नेलं.

धक्क्यावरच्या फळीवर मित्रांचे चकचकीत बूट आणि त्यांच्या बायकांच्या नक्षीदार चपला ओळीने लागल्या होत्या. गोदाक्काने त्यांच्या मधोमध आपल्या रबरी स्लिपर काढल्या. एक बंद निळा, एक हिरवा, आणि त्या हिरव्याला सेफ्टीपिन लावलेली. दामोदरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पटकन त्या स्लिपर उचलल्या आणि जवळच्या उपड्या होडीखाली सरकवल्या.

"तिथं कशापायी?" अक्काने विचारलं.

"इथे हरवतील, अक्का."

"माज्या कोण न्हेतंय रं?" असं म्हणून ती हसली. बिचारीला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बेटावर पोहोचल्यावर एका मित्राने विचारलं, "दामोदरशेट, या बाई कोण?"

"गावाकडच्या आहेत. ओळखीच्या," दामोदर म्हणाला.

अक्का दोन हातांवरच उभी होती. तिने ते ऐकलं. भावाला आपलं ओझं नको, म्हणून ती वाळूतून चालत चालत दूर टोकाच्या खडकांकडे गेली. तिथे शिंपले फार सुंदर होते. भाच्यांसाठी ती ते पदरात गोळा करत राहिली. घाटावरच्या बाईला भरती कशी येते ते काय माहीत!

पाणी चढू लागलं. होडीवाल्यांनी शंख फुंकला. लोक हसतखिदळत होड्यांकडे धावले. मित्रांनी दामोदरला हाताला धरून पहिल्याच होडीत ओढलं. त्याने मागे पाहिलं. खडकांपाशी अक्काचं लाल लुगडं दिसत होतं. "अक्का!" अशी एक हाक मारायची होती. पण ओळखीच्या बाईला कोणी अक्का म्हणून हाक मारतं का? मित्र काय म्हणतील? हाक त्याच्या तोंडातच राहिली. 'मागच्या होडीतून येईल. नाहीच आली, तर होडीवाले चपला बघतातच की,' त्याने मनाची समजूत घातली.

धक्क्यावर सगळ्यांनी शहाळी मागवली. शेवटची होडी आली, माणसं उतरली, जो तो आपापल्या चपला घालून निघाला. होडीवाल्याने फळीवर नजर टाकली आणि म्हणाला, "फळी मोकळी. सगळी इली." होड्या बांधल्या गेल्या.

ते शब्द कानी पडले आणि दामोदरच्या हातातलं शहाळं गळून पडलं. तो धावला आणि उपड्या होडीखाली हात घातला. स्लिपर तिथेच होत्या.

"जोड कोणाचो?" होडीवाल्याने घाबरून विचारलं.

"माझ्या बहिणीचा!" तो सगळ्यांसमोर ओरडला. "माझी अक्का आहे ती! तिने मला वाढवलंय!"

होड्या तशाच परत फिरल्या. पण बेट कुठे होतं? नुसतं पाणी होतं. दामोदर त्या पाण्याला अक्का, अक्का म्हणून हाका मारत राहिला.

सकाळी समुद्राने तिला किनाऱ्यावर आणून सोडलं. पदराची गाठ पक्की होती. ती सोडली, तर आत भाच्यांसाठी जमवलेले शिंपले होते. दामोदरने ते ओंजळीत घेतले आणि लहान पोरासारखा रडला.

आजही दर रविवारी तो धक्क्यावर येतो आणि त्या स्लिपर फळीच्या मधोमध ठेवतो. होड्या जातात, होड्या येतात. लोक आपापले जोड घालून घरी जातात. एक जोड उरतो. एखादा नवखा माणूस विचारतो, "कोणी मागे राहिलंय का हो?"

होडीवाला मान खाली घालून म्हणतो, "होय. एक रवली."

तात्पर्य: आपल्या माणसाची लाज वाटून त्याला चारचौघांत लपवू नये, एकदा लपवलेलं माणूस मग आपल्यालाही सापडत नाही.