राणीच्या बांगड्या वाढतील

एका राज्यात नदीला दोन काठ होते, पण लोकांना एकच दिसे. तिथं राजा शूरकेतू आणि राणी कुमुदावती राहत होते. दुसरा काठ गेला कुठं म्हणाल, तर गेला नव्हता कुठंच. धुक्याआड होता. आणि ते धुकं राणीनंच घालून घेतलं होतं, नवऱ्याच्या जिवासाठी.

त्याचं असं झालं. दरबारात एक निळी साळुंकी होती. पुढचं दिसे, ते बोले. बुरूज ढासळेल म्हणाली, ढासळला. घोडीला जुळं होईल म्हणाली, झालं. एके सकाळी राणीकडं बघून म्हणाली, "राजा नदी ओलांडेल, त्या दिवशी राणीच्या बांगड्या वाढतील."

झालं! दरबाराच्या काळजाचं पाणी पाणी झालं. बांगडी फुटली असं अभद्र आपल्यात कोणी बोलत नाही, वाढली म्हणतात. आणि राणीच्या सगळ्याच बांगड्या वाढायच्या म्हणजे राजाचं काय व्हायचं, ते तुम्हीच समजून घ्या. मला बोलवत नाही.

राणीनं त्याच दिवशी मांत्रिक धूम्रकेशाला बोलावलं. त्यानं एक फुंकर मारली, तशी नदीच्या मधोमध धुक्याची भिंत उभी राहिली. नावा काठाला लागल्या त्या लागल्याच.

सात वर्षं गेली. पलीकडं राणीचं माहेर होतं. पूर्वी दर चैत्रात राजा स्वतः नाव वल्हवत तिला पोचवायचा. वल्हवत कसला, गोल गोल फिरवायचा, आणि ती हसून हसून बेजार व्हायची. पलीकडं आई पदर खोचून उभी असायची, "अगं बाई, जेवायची वेळ टळली की!" असं ओरडत. ते ओरडणं आठवलं की राणीचा घास हातातच राही. काय दिवस होते ते! राजाही रोज दुपारी घाटावर जाऊन धुक्याकडं बघत बसे. पुढं त्याचं खाणं सुटलं. त्यानं अंथरूण धरलं. वैद्य म्हणाला, "राणीसाहेब, या दुखण्याला माझ्याकडं औषध नाही. महाराजांना तो काठ हवाय."

नदी ओलांडू द्यावी तर राजा जायचा, न द्यावी तरी जायचाच. राणी तडक धूम्रकेशाच्या गुहेत गेली.

"धुकं उठव, आणि महाराजांनाही वाचव."

"दोन्ही हवं? मग होणारं बदलावं लागेल," धूम्रकेश म्हणाला. "तीन वस्तू आण. उलट्या ओढ्याचं पाणी, अजगराच्या उशाचं फूल, आणि साळुंकीनं आपखुशीनं दिलेलं पीस."

उलटा ओढा डोंगर चढत होता. राणीनं घागर भरली आणि तीन कोस पाठमोरी चालत आली, कारण सरळ चाललं की ते पाणी माघारी पळे. अजगर जागाच होता. मला झोपव, म्हणाला. राणीनं आईची अंगाई सुरू केली, पण शेवटची ओळ काही केल्या आठवेना. सात वर्षांत विसरली होती ती! तिला रडूच कोसळलं. अजगराचा जीव कळवळला. "घेऊन जा बाई फूल," म्हणाला, "आणि रडू नको."

उरलं पीस. राणी साळुंकीपुढं पदर पसरून उभी राहिली.

"पीस कशाला?"

"माझ्या बांगड्या वाढू नयेत म्हणून."

साळुंकीनं मान वाकडी केली. "अगं, पण तेव्हा तर तू हसत होतीस."

"हसत?"

"हातात सहा होत्या, त्यांच्या दहा झाल्या. एक बाई तुझा हात धरून भरत होती, आणि राजा शेजारी बसून खरवस खात होता. याला वाढणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

राणीला आत्ता कुठं उमगलं. पाखरूच ते! रानात जन्मलं, रानात बोलायला शिकलं. वाढणं म्हणजे वाढणं, एवढंच त्याला ठाऊक. मेलं आपलं शुभ बोलायचं वळण! आणि माहेरवाशिणीला आई बांगड्या भरते, हे दरबारातल्या एकाही शहाण्याला सुचू नये?

राणीला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. "त्याच दिवशी निघाले असते तर! सात वर्षं मी उगाच घालवली." मग तिनं दचकून विचारलं, "त्या बाईचे केस कसे होते गं?"

"पांढरेशुभ्र."

राणीनं आईला शेवटचं पाहिलं, तेव्हा आईचे केस काळेभोर होते.

"म्हणजे तुला आत्ताचीच भेट दिसली होती? माझं घाबरणंसुद्धा त्यात आधीच होतं?"

"मला दिसतं तेवढं मी बोलते," साळुंकी म्हणाली. "पीस देऊ का?"

"नको," राणी म्हणाली. तिनं घागर ओतून टाकली आणि फूल केसांत माळलं. मग धूम्रकेशाला धुकं उठवायला लावलं.

पलीकडचा काठ दिसला, तसा राजा उठून बसला. राणीचा हात धरून नावेत चढला, आणि वल्हं कोणाला म्हणून देईना. घाटावरची माणसं रडत होती, हसत होती, नावाड्यांनी सात वर्षांचे दोर कोयत्यानं तोडले. त्या दिवसापासून राज्य पुन्हा दोन काठांचं झालं. आजही तिथं साळुंकी काही बोलली की लोक आधी विचारतात, "म्हणजे नेमकं काय गं?"

त्या दिवशी पलीकडं आई काठावर होती. ती ओरडली नाही. तेवढा आवाज आता तिच्यात राहिला नव्हता. लेकीला जवळ बसवून तिनं डब्यातून नव्या बांगड्या काढल्या. बोटं थरथरत होती, एकेक बांगडी चढायला फार वेळ लागत होता. मध्येच थांबून ती खजील होऊन म्हणाली, "पूर्वी कसं पटापट भरायची मी."

"सावकाश भर, आई," राणी म्हणाली. "मला कुठं जायचं नाही."