धुतलेला दगड आणि पळीभर तेल

करंजगडच्या महाराजांनी हुकूम सोडला. शेंदराच्या कारखान्यात जे कामगार पोट धरून बसतात आणि हात लुळे पडल्याचं सोंग करतात, त्यांनी सोमवारच्या आत दरबारानं दिलेल्या खोपट्या रिकाम्या कराव्यात.

सोंग करणाऱ्यांत पहिलं नाव लिंबाजीचं होतं. या कारखान्यात शिसं भट्टीत भाजून त्याचा शेंदूर करत, मग तो कुटत आणि चाळत. लिंबाजी चाळणीवर उभा असे. आता त्याचं मनगट असं लोंबायचं, की भाकरीचा तुकडा मोडायलाही लेकीला हाक मारावी लागे. एवढं हुबेहूब सोंग करंजगडात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

लेकीचं नाव जिऊ. ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

“म्हाराज, माझा बाप सोंग करत न्हाई. कारखान्याच्या हवेत शेंदूर हाय. त्यो नाकातोंडात जातो.”

महाराजांनी कारभारी नरहरपंतांकडे पाहिलं. पंतांनी आपलं पांढरंशुभ्र उपरणं झटकून दाखवलं. “मी रोज दिवसभर कारखान्यातच असतो, महाराज. दिसतो का कुठं शेंदूर?”

शेंदूर खरंच दिसत नव्हता. पंत कारखान्याच्या ओसरीवर बसत आणि ओसरीला नदीचा वारा होता. आत मात्र वारा नव्हता. कामगारांनी भिंतीला खिडक्या मागितल्या की पंत म्हणत, वर्ष लागेल. महाराजांनीही कारखाना पाहिला होता. ते येणार म्हटलं की आदल्या दिवशी भट्टी विझायची, जमीन सारवली जायची आणि कामगारांना धुतलेल्या बंड्या मिळायच्या. महाराजांना कारखाना फार आवडायचा.

“हवा स्वच्छ आहे, मी स्वतः पाहिलंय,” महाराज म्हणाले. एकदा पाहिलेली गोष्ट पुन्हा बघायला जाण्याची त्यांना सवय नव्हती. “तुला हवेत शेंदूर दिसतो ना? मग मलाही दाखव. पण जमिनीवरचा नको, भिंतीवरचा नको, पोत्यातला तर नकोच. तू शेंदराला बोटही लावायचं नाहीस. हवेत असेल तेवढाच दाखवायचा. नाही जमलं, तर बापाच्या जागी चाळणीवर तू उभी राहा.”

जिऊनं थोडा विचार केला. “जी. मला एक धुतलेला दगड आन् पळीभर तेल लागंल. आन् भट्टी पेटलेली लागंल.”

“आणि एक पहारेकरी,” नरहरपंत घाईनं म्हणाले. “नाहीतर ही पोरगी हळूच दगड रंगवेल.”

महाराजांनी आपला शिलेदार सुभानजी दिला. सुभानजीच्या खरेपणाबद्दल करंजगडात कुणाला शंका नव्हती, आणि त्याच्या मिशांबद्दलही नव्हती. रोज सकाळी तेल लावून तो त्यांना पीळ भरत असे.

दुसऱ्या दिवशी जिऊनं सगळ्यांसमोर एक काळा दगड धुतला आणि त्याला तेल चोळलं. चाळणीपाशी उभं राहिल्यावर बापाचं नाक जिथं यायचं, तेवढ्या उंचीवर तिनं तो एका ओंडक्यावर ठेवला. मग ती बाहेर झाडाखाली जाऊन बसली. दगडाशेजारी सुभानजी उभा राहिला. भट्टी पेटली, चाळण्या हलू लागल्या.

संध्याकाळी महाराज आले. दारातून आत पाऊल टाकलं, समोर पाहिलं, तसे जोडे काढून त्यांनी हात जोडले.

“मारुतीची स्थापना कधी केलीत?” त्यांनी विचारलं. “मला कुणी बोलावलं नाही.”

“त्यो मारुती न्हाई, म्हाराज,” जिऊ म्हणाली. “त्यो सकाळचा दगड हाय.”

महाराजांचे जोडलेले हात तसेच राहिले.

“कुणीतरी हात मारलाय याच्यावर!” नरहरपंत ओरडले. “शेंदूर काही आपोआप चढत नसतो.”

महाराज सुभानजीकडे वळले. “दगडाला कुणी हात लावला?”

“कुनी न्हाई, सरकार. मी जागचा हललो न्हाई.”

महाराज त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. “आणि तुझ्या मिशीला?”

“माझ्या मिशीला हात लावनारा अजून जन्माला यायचाय, सरकार.”

सुभानजीच्या मिशा या टोकापासून त्या टोकापर्यंत शेंदरी झाल्या होत्या. त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“म्हाराज,” जिऊ म्हणाली, “दगडाला बाहेरनं लागला, पुसला तर जाईल. दगड काय श्वास घेत न्हाई. माझा बाप ह्याच जागी उभा ऱ्हायचा. त्याला आतनं लागलाय. त्यो मी कसा पुसू?”

महाराज ओशाळले.

नरहरपंतांनी ते पाहिलं आणि झटकन दगडापुढं हात जोडले. “महाराज, हा तर साक्षात चमत्कार आहे. मारुती आपणहून प्रकट झाला. आता जागा बदलू नये, भट्टी थांबवू नये. देवाची इच्छा!”

“पंत म्हनत्यात तर असंल,” जिऊ शांतपणे म्हणाली. “मग देवाला पुजारी पायजे. पंतांएवढा देवभक्त दुसरा कोन हाय? उद्यापास्नं त्यांनी हितंच देवापाशी बसावं. भट्टी पेटल्यापास्नं विझंपतूर.”

“इथं?” पंतांनी उपरणं नाकाला लावलं. “इथं दिवसभर कोण बसेल? चार दिवसांत आजारी पडायचो मी!”

चाळण्या थांबल्या. महाराजांनी पंतांच्या नाकावरच्या उपरण्याकडे पाहिलं, सुभानजीच्या मिशांकडे पाहिलं आणि ते हसत सुटले. हसता हसता त्यांना तिथल्या हवेनं ठसका लागला, तेव्हा थांबले.

लिंबाजीला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना नदीकाठच्या बागेत घरं मिळाली आणि जन्मभराचा शिधा बांधून मिळाला. जिऊला महाराजांनी आपल्या हातातलं कडं काढून दिलं. मग त्यांनी हुकूम केला की रोज सकाळी त्या जागी तेल लावलेला दगड ठेवायचा. ज्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत काळाच राहील, त्यानंतर कामगार चाळणीवर येतील. तोवर चाळणी नरहरपंत हलवतील.

भिंतींना खिडक्या, छपराला धुराडं आणि चाळणीवर झाकण, हे सगळं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं.