मोराचा हुकूम आणि तांबूचं शेण

प्राण्यांच्या एका राज्यात मोरराजाने दवंडी पिटवली, "उद्यापासून पोत्यातलं रासायनिक खत बंद! साऱ्या राज्यात फक्त शेणखत घालायचं."

गांडूळ हरखलं, पण म्हणालं, "महाराज, आधी एकच शेत करून बघू. माती सावरायला वेळ लागतो."

"चांगल्या कामाला उशीर कशाला?" म्हणत मोराने पिसारा फुलवला.

सगळे प्राणी शेणासाठी तांबू गाईच्या गोठ्यापुढे रांगेत उभे राहिले. खताची पोती आल्यावर बाकीची गुरं त्यांनीच हाकलून दिली होती; उरली होती एकटी तांबू.

त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढीच वाढली. कणसं भरलीच नाहीत.

मोर तांबूवर ओरडला, "यंदा दुप्पट शेण दे!"

"शेण हुकमाने पडत नाही, महाराज," तांबू म्हणाली. "कडबा खाल्ला की पडतं. आणि कडबा ज्वारीबरोबरच गेला."